आसूढाळ घोडी

नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं, त्याच्या पुढच्याच बाजारी भावानं घोडी आणली. वैनी दारात उभी राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" थोडं म्हंजे मी. अन् वर मलाच चहा ठेवायला लावला.

आमचं गाव पोखर्णीच्या पुढं. घोडी भावाला फुकटासारखी मिळाली होती, कारण तिच्या डाव्या डोळ्याखाली, आसू गळतात तिथंच, केसांचा बारका भोवरा होता. त्याला आमच्याकडं आसूढाळ म्हणतात. असलं जनावर ज्याच्या दावणीला, त्याच्या घरात रडारड. घेताना भाऊ छाती काढून म्हणला, "आपला न्हाई असल्यावर विश्वास." मग म्हैस गाभडली. मग हिरीवरची मोटार जळाली. दर वेळी बोट घोडीकडं. अन् घोडीकडं दाखवून दमला की माझ्याकडं.

"एकीला शिवारात सोडून येतो, कुत्रे खातील," म्हणायचा, "पण दुसरीला कुठं सोडू, सांग की आक्का?" मेल्याचं ढुंगण धुतलेलं मी लहानपणी.

आमच्या वडलांपाशी राखणीचं घोडं होतं, त्याच्यावर मी पोरवयात बसलेली. म्हणून घोडीवर मीच बसायची. दुसरं कोण बसणार? तिच्या सावलीला पण लोक पाय लावत नव्हते. मला लय बरं वाटायचं तिच्यापाशी. त्या घरात ती एकटीच होती जी मला बघून कान उभे करायची.

तेवढ्यात पाथरीला घोडेस्वारीचं शिबिर लागलं. फौजेतून आलेले एक म्हातारे मास्तर शिकवायला होते. गुरं राखणाऱ्यानं घोड्यावरून जी कामं करायची, त्यांचाच खेळ केलेला. खाली न उतरता फाटक उघडायचं अन् लावायचं, फळ्यांच्या पुलावरून जायचं, डांबराच्या रिकाम्या पिंपांमधून नागमोडी काढायची. पहिल्यांदा लोक हसायलाच आलते. "फाटक उघडायची स्पर्धा? आमची म्हैस रोज उघडती!" पण हसता हसता खूळ पसरलं. नवरदेवाचे घोडे आले, वरातीत नाचायचे आले, टांग्याचं एक म्हातारं आलं, अन् आमची घोडी घेऊन मी गेले. शाळेचे मास्तर, किराणावाले, कॉलेजची पोरं स्वयंसेवकाच्या पिवळ्या टोप्या घालून मैदानावर फक्कीच्या रेघा मारायला अन् पिंपं उचलायला लागली. सोनपेठला मोठी स्पर्धा ठरली.

भाऊ जेवताना म्हणला, "सोनपेठला नंबर आण. आणलास तर घोडी जन्मभर तुझी. न्हाई तर गोदावरीच्या पल्याड नेऊन सोडतो." वैनी म्हणली, "मी साक्षीला हाय." मी भाकर तशीच ठेवून उठले अन् गोठ्यात गेले.

घोडी फाटकाला भ्यायची. लाकूड वाजलं की चार पायांवर थरथरायची. मी गोठ्याला मोडकं फाटक बांधलं, अन् तिचा चारा त्याच्या पल्याड ठेवायला लागले. भूक लागली की भीती जाती, हे मी सासरी शिकले होते. पुढं पुढं माझा आवाज आला की ती आपसूक फाटकाला अंग लावून उभी राहायची.

सोनपेठला तिचा पहिला नंबर आला. लोक ओरडायले, फौजेतल्या मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अन् मी सगळ्यांदेखत घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडले. वरातीत घोडे नाचवणारा एक जण तिथंच होता. सकाळी घोडीला बघून हाच थुंकला होता. त्याच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतोय, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. त्यानं तिच्या डोळ्याखाली अंगठा फिरवला. "आसूढाळ कुठला? हा तर राजभोवरा हाय!"

मंडपाच्या मागं भावानं त्याच्या हातावर हात मारला. इकली.

"अरे, जन्मभर माझी म्हणला होतास ना?"

"तुझीच की आक्का. तुझं नाव सांगूनच तर इकली."

वैनी पदर तोंडाला लावून हसली. साक्षीला होती ना! मला आत्ता कुठं कळलं. त्या भोवऱ्यापायी तिला कुणी घेत नव्हतं, म्हणून ती माझ्यापाशी होती. मी लोकांची भीती मोडली अन् माझ्याच हातानं तिला बाजारात उभी केली.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष मात्र खुश. "ताई, तुमच्यामुळं आपल्या भागात खेळ वाढायलाय. आता स्वयंसेवक व्हा." घोडी नेली अन् पिवळी टोपी दिली. मी घेतली. का घेतली? ती कुठंतरी पुन्हा दिसंल म्हणून.

परभणीच्या स्पर्धेत मला फाटकापाशी उभं केलं. घोडी आली. बरगड्या दिसत होत्या, तोंडाचा फेस लाल होता. वर त्या घोडेवाल्याचा पुतण्या. फाटकाजवळ येऊन ती थांबली ती थांबलीच. माझ्या पोटाला नाक लावलं अन् डोळे मिटले.

पुतण्यानं चाबूक ओढला. ती हलली न्हाई. पुन्हा ओढला, तिथंच.

"माहेरी आली रे!" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, अन् सारं मैदान हसलं.

"जा बाई, जा," मी म्हणले. आवाज ऐकून ती उलटी जास्तच बिलगली. चाबूक पडत होता अन् ती माझ्याच अंगात शिरायली. मास्तर पंचाच्या खुर्चीवरनं ओरडले, "ताई, बाजूला व्हा!" बाजूला झाले असते तर ती माझ्या मागं आली असती.

मग मी हात उचलला अन् तिच्या नाकाडावर काडकन मारलं. जिवाच्या जोरानं मारलं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं अन् वळली. फाटक उघडलं, लावलं, पुलावरनं गेली, पिंपांमधनं गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी परत जायची वाट माझ्या समोरूनच होती. माझा हात नुसता लगामाकडं गेला, तर तिनं मान झटकन काढून घेतली अन् पल्याडच्या खांबाला अंग घासत निघून गेली. बरं झालं. आता माझ्यापाशी थांबल्यापायी तिला कुणी मारणार न्हाई.