वानखेडे डॉक्टरांचा अर्धा तास

डॉक्टर वानखेडे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हाही तेच. नारायण पेठेत माझं दवाखान्यांच्या जुन्या सामानाचं दुकान आहे. बंद पडलेल्या दवाखान्यांतल्या दाताच्या खुर्च्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या. हा धंदा मी एकट्यानं उभा केला आणि घासाघीस करण्यात तोवर मला कुणी हरवलेलं नव्हतं. बाईंनी एका खुर्चीला हात लावला, मी भाव सांगितला. त्या माझ्या जबड्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, डाव्या बाजूनं चावत नाही ना जी तुम्ही?"

"खुर्ची घ्यायची आहे की माझे दात?"

"खुर्चीच घेते. पण तुमची दाढ सडली आहे. ती मी काढून देते. तुम्ही भाव निम्मा करा."

निम्मा केला नाही. पण ज्या भावात दिली, त्या भावात सख्ख्या भावालाही दिली नसती. दाढही काढून घेतली.

बाई यवतमाळकडच्या. शिकायला पुण्यात आल्या आणि इथंच राहिल्या. एरवी छापील मराठी बोलत, चिडल्या किंवा सौद्याला बसल्या की गावचं बाहेर येई. ती खुर्ची त्यांनी मंडईजवळच्या मोफत दवाखान्यात नेली. खोली एका ट्रस्टची, पैसा एका कंपनीचा, हाताखाली डेंटल कॉलेजची शिकाऊ मुलं. "सगळं दुसऱ्याचं आहे जी," त्या म्हणत. "तोंड तेवढं येणाऱ्या बाईचं स्वतःचं."

येणाऱ्या बहुतेक मंडईतल्या भाजीवाल्या. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पाटीवर फडकं टाकून यायच्या. आणि येण्याआधी प्रत्येक जण आठवणीनं मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणंच. देवळात जाताना पाय धुवावेत, तशी डॉक्टरकडे जाताना मिश्री. घाण तोंड दाखवायचं कसं? आता मिश्रीनं तोंड काळं होतं, आणि वर सुन्नही होतं. दुखणारी जागा दुखत नाही, आतला पांढरा चट्टा दिसत नाही. वानखेडे डॉक्टरांनी हे ओळखलं आणि नियम केला. आल्या आल्या खळखळून चूळ भरायची, मग अर्धा तास बाकावर बसायचं. चहा मिळेल, गप्पा मारा, पण खुर्चीवर चढायचं नाही. अर्ध्या तासानं सुन्नपणा उतरला की त्या बाईचा हात आपोआप दुखऱ्या गालाकडे जाई. मग डॉक्टर कापसानं तोंड कोरडं करून, दिव्याखाली कोपरा न कोपरा बघत.

माझ्या आक्काचा चट्टा असाच सापडला. आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर कोथिंबिरीच्या जुड्या विकून तिनं मला वाढवलं. तिच्या खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढा चट्टा होता. डॉक्टर स्वतः तिला घेऊन मोठ्या इस्पितळात गेल्या, तुकडा काढून तपासला, कर्करोगाची सुरुवात निघाली, शस्त्रक्रिया झाली, आक्का वाचली. "आता दर दोन महिन्यांनी यायचं," त्यांनी बजावलं. "अन् मिश्री लावली तर मी तुमच्या पाटीशी येऊन भांडीन. साऱ्या मंडईसमोर."

आक्का म्हणाली, "या की. भांडायला आलात तर मेथी फुकट देईन."

मग कंपनीचा एक नवा साहेब आला. खुर्ची माझ्या दुकानातली, तिची देखभालही माझ्याकडे, म्हणून बैठकीला मलाही बोलावलं होतं. साहेब म्हणाला, "मॅडम, इश्यू असा आहे की तुमचा वेटिंग टाइम खूप आहे. एवढ्या वेळात आपण किती बेनिफिशिअरी कव्हर करू शकतो!" त्याला फिरती गाडी हवी होती. आज मंडई, उद्या दुसरी वस्ती. दात साफ करायचे, ब्रश आणि पेस्ट द्यायची, फोटो काढायचा.

डॉक्टरांनी अर्ध्या तासाचं कारण सांगितलं. ट्रस्टचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "आपण दवाखाना चालवता की अमृततुल्य, हे एकदा ठरवा."

मी उठून टेबलावर हात आपटला. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर शांत होत्या. "त्या अर्ध्या तासाशिवाय मी नव्या करारावर सही करत नाही जी," एवढंच म्हणाल्या. पुढच्या महिन्यात दवाखाना बंद झाला. मी दिलेली खुर्ची गाडीत बसवली. डॉक्टर कर्वेनगरला आपल्या लहानशा दवाखान्यात बसू लागल्या. जाण्याआधी त्यांनी आक्काला पत्ता दिला, फोनही करत राहिल्या. आक्का प्रत्येक वेळी म्हणायची, "येते, येते." गेली नाही. गाडी पाटीसमोर उभी राहत असताना धंदा टाकून कर्वेनगरला कशाला जायचं?

ती गाडीत गेली, मिश्री लावून. ती सवय परत लागली होती आणि आम्हा सगळ्यांपासून लपवली होती. गाडीतल्या मुलीनं दात साफ केले, पेस्ट दिली आणि म्हणाली, "आजी, सगळं मस्त आहे." आक्कानं मला आणि डॉक्टरांना तेच सांगितलं. आम्ही दोघांनीही विश्वास ठेवला. गाडीतली ती मुलगीही शेवटी डॉक्टरच होती. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा गाडी येईपर्यंत आक्काला भाकरीचा घास घेता येईना.

मी डॉक्टरांना घरी आणलं. आक्काचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं. डॉक्टर तिच्या गालावर हात ठेवून बसून राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, लई उशीर झाला." इस्पितळातही तेच सांगितलं. आक्का शेवटी नळीतून पाणी घेत होती. पावसाळा संपता संपता गेली.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो. म्हणालो, "खोली माझी, खुर्ची माझी, पैसा माझा. आक्काच्या नावानं दवाखाना काढा. त्या हरामखोरांची गरज नाही."

"अन् तुम्ही गेल्यावर?" त्यांनी विचारलं. "शिकाऊ पोरं कुठून आणता? इस्पितळात खाट कोण देते? एकट्या माणसाच्या रागावर दवाखाना चालत नाही जी."

"मग काय त्यांच्याच दारात जाणार?"

"जाते."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुम्ही तुमचा राग सांभाळा, मी बायका सांभाळते."

त्या खरंच गेल्या. काय सौदा केला, ते मला नंतर कळलं. फलकावर नाव नको, प्रमुखपद नको, पगार नको. कालपर्यंत ज्या मुलांना शिकवलं त्यांच्या हाताखाली काम करीन. बदल्यात करारात एक ओळ घाला, चूळ आणि अर्धा तास. अध्यक्षांना फुकटची डॉक्टर मिळाली. त्यांनी ओळ घातली.

मला तो सौदा तेव्हाही वाईट वाटला आणि आजही वाटतो. मी गाडीकडे फिरकलो नाही. मागच्या हिवाळ्यात डॉक्टर हृदयविकारानं गेल्या. शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "आमच्या एक निष्ठावान सहकारी." मी उठून बाहेर आलो.

चालत मंडईपर्यंत गेलो, तर गाडी उभी होती. बाजूच्या पायऱ्यांवर सात-आठ बायका ओळीनं बसलेल्या. आतून एक शिकाऊ मुलगी सांगत होती, "अजून वेळ आहे मावशी." एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय मेलं बसवून ठेवतात! कशाला, ते देवाला ठाऊक. एवढ्यात पाटी संपली असती. चल गं, जाऊ."

दोघी उठल्या.

"बसा गप!" मी ओरडलो.

दचकून बसल्या.