जशी हाय तशी

उचगावच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ती प्रोग्राम लिहीत बसते. 'मी आलो', 'मी जेवलो' असंच बोलते; आमच्याकडं कैक बायका तशाच बोलतात. पुण्याहून आलेले साहेब दर वेळी टोकतात, "आलो नव्हे, आले म्हणा." ती वाद घालत नाही, फक्त की-बोर्ड जोरात बडवते.

परवा आमच्या प्रोग्रामनं मेलला जोडून पाठवलेली एकही पीडीएफ ग्राहकाकडं उघडेना. इथं धड, तिथं मोडलेली. ग्राहक हातचा जायची वेळ आली. साहेब म्हणाले, "राहू दे, फोटो काढून पाठवा."

"न्हाई," ती म्हणाली. "चूक सापडल्याबिगर मी उठत न्हाई."

दुपारी तिनं सगळ्यांसमोर स्क्रीन साहेबांकडं वळवला. "सर, आपला प्रोग्राम पीडीएफला साधा मजकूर समजतोय, आन् पाठवताना तिच्या ओळी सुधारतोय. सुधारली म्हणूनच फुटली की! आता सांगितलंय त्येला, जशी हाय तशी जाऊ दे."

थोड्या वेळानं ग्राहकाचा फोन आला, फाईल उघडली. साहेब खूश होऊन म्हणाले, "अहो, जेवलात का तुम्ही?"

"न्हाई. आता निघालो," ती म्हणाली, 'लो'वर चांगला जोर देऊन.

साहेबांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.