चुकीचं उत्तर आधी

मास्तरीणबाई प्रत्येक प्रश्नाचं चुकीचं उत्तर आधी द्यायच्या. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस लॅपटॉप उघडायचा, पडद्यावर रंगीत प्रश्न यायचा, खाली चार पर्याय यायचे. आणि बाई चष्मा कपाळावर सारून, पुढे वाकून, जो पर्याय शाळकरी पोरानंही टाळला असता नेमका त्यावर बोट ठेवायच्या. विकणारा समजुतीनं हसायचा. "मॅडम, ते चुकलं." बाई न हसता म्हणायच्या, "ठाऊक आहे मला. आता पुढं काय होतं ते बघू."

बहुतेक वेळा पुढं काहीच व्हायचं नाही. एक लाल फुली यायची, एक बेसूर आवाज यायचा आणि 'पुन्हा प्रयत्न करा' अशी पाटी लागायची. बाई खुर्चीत मागं टेकायच्या. विकणाऱ्याचा अजून निम्मा दिवस बोलायचा बेत असला, तरी मला तेव्हाच कळायचं की हा बाद झाला.

बाई शाळेत कधीच शिकवायला नव्हत्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेत लागल्या, आणि पुढं कामगारांच्या प्रशिक्षणाचं खातं त्यांच्याकडे आलं. मास्तरीणबाई हे नाव कामगारांनीच पाडलेलं. त्या चिंचणीच्या. आई मासे विकायची, आणि ऐन बैठकीत तिचा फोन आला तरी बाई उचलायच्या, "आये, आता नाय, कामात हाय मी," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा शुद्ध मराठीत बैठक पुढं न्यायच्या. मी उमरोळीची, कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून नुकती त्यांच्या हाताखाली आलेली.

तोवर आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे पाळी सुटल्यावर सभागृहात बसवलेले दमलेले लोक, भिंतीवर सरकणारी चित्रं आणि शेवटी सही. मुख्य कार्यालयानं ठरवलं की आता सगळं ऑनलाइन करायचं, ज्यानं त्यानं आपापल्या फोनवर शिकायचं. त्यासाठी सॉफ्टवेअर बाईंनी निवडायचं. मी मोठ्या उत्साहानं सगळ्या सॉफ्टवेअरच्या सोयींची तुलना करून दिली. बाईंनी ती शेवटपर्यंत वाचली, "छान केलंस गं" म्हणाल्या, आणि बाजूला ठेवली. मग पॅकिंगमधल्या एका बाईकडून तडा गेलेला फोन मागून घेतला आणि समोरच्या माणसाला म्हणाल्या, "यावर चालवून दाखवा." तो दाखवत असताना त्यांनी स्वतः 'हायड्रोक्लोरिक' टाइप केलं. पडद्यावर जोडाक्षरं फुटून पाय मोडलेल्या मुंग्यांसारखी पसरली. "ज्याला 'क्लो' लिहिता येत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याच्याकडून क्लोरीन काय शिकायचं?"

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता, आणि तो त्या सगळ्यांपुढं ठेवायच्या. टाकी साफ करताना तुमचा सोबती आत बेशुद्ध पडला. तुम्ही वर आहात. काय कराल?

आमच्यासारख्या कारखान्यात हा प्रश्न जिवाचा असतो. सांडपाण्याच्या टाकीत विषारी वायू साचतो. आत पडलेल्याला वाचवायला जो तसाच उतरतो, तो त्याच्याच अंगावर पडतो. वरच थांबायचं, भोंगा वाजवायचा, श्वसनयंत्र लावलेल्या लोकांना बोलवायचं, हे बरोबर उत्तर. बाईंनी हा प्रश्न कॅन्टीनमध्येही टाकला होता. तेव्हा मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरून येणारा जान्या ताटावरून मान वर करून म्हणाला, "मी त उतरनारच, बाई. मानूस मरतंय नं मी वर उबा राहू काय?"

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "ऐकलंस? उत्तर चुकीचं आहे, पण चांगल्या माणसाचं आहे. त्याला लाल फुली दाखवून कसं चालेल?"

मला वाटलं, यांच्या घरचं कुणी असं गेलं असणार. धीर करून विचारलंही. त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "नाही गं. आपलं माणूस गेल्यावरच कळायला हवं का?"

शेवटच्या बैठकीला कारखान्याचे मोठे साहेब स्वतः आले. त्यांचं मन एका देखण्या सॉफ्टवेअरवर बसलं होतं. त्यात बोलणारं कार्टून होतं, गुण होते, पदकं होती, आणि कामगार पटापट अभ्यासक्रम पुरे करतात अशी ग्वाही होती. बाईंनी आदल्याच दिवशी विकणाऱ्यांकडून आपला टाकीचा प्रश्न त्यात घालून घेतला होता. त्यांनी लॅपटॉप साहेबांपुढं सरकवला. "साहेब, तुम्ही सोडवा ना. मनापासून."

साहेब भला माणूस. कारखान्यातला प्रत्येक जण त्यांना नावानिशी ठाऊक. त्यांनी प्रश्न वाचला आणि फारसा विचार न करता 'लगेच आत उतरीन' दाबलं. लाल फुली आली. त्यांनी खालचा पर्याय दाबला. टाळ्या वाजल्या, कार्टून नाचलं, आणि साहेबांचं नाव घातलेलं प्रमाणपत्र पडद्यावर झळकलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता टाकीत मेलात आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर आलात."

मला वाटलं, आता बाईंची नोकरी गेली. साहेबांनी प्रमाणपत्रावरचं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग लॅपटॉप मिटत म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठलं हवंय?"

बाईंना हवं होतं ते दिसायला साधंसुधं होतं. त्यात कार्टून नव्हतं की पदकं नव्हती. पण दिलेल्या उत्तराप्रमाणे त्यात गोष्ट वेगळ्या वाटेनं जाई, जोडाक्षरं शाबूत राहत, आणि आम्हाला स्वतःला त्यात हवं ते घालता येई. आम्ही आमच्याच टाकीचे फोटो काढले, आमच्याच लोकांचे आवाज घेतले. जान्याचं कॅन्टीनमधलं वाक्य बाईंनी त्याच्याच तोंडून, एक अक्षर न सुधारता घेतलं. 'उतरीन' दाबलं की शिडी दिसे, श्वास ऐकू येई, पडदा हळूहळू काळा होई आणि त्या अंधारात घरून आलेला फोन वाजत राही. मी रक्ताचं एक चित्र घातलं होतं, ते बाईंनी काढायला लावलं. "घाबरवायचं नाही. हाताला धरून न्यायचं."

जान्यानं तो धडा फोनवर घेतला आणि तो उतरला. फोन वाजत राहिला. त्यानं पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा उतरला. खजील होऊन बाईंना म्हणाला, "माजा हात आयकत नाय."

"उतर," बाई म्हणाल्या. "इथं उतर हवं तेवढा. तिथं नको."

आणि मग ते खरंच घडलं. परप्रांतातून आलेला एक फिटर हातातून निसटलेला पाना काढायला परवानगी न घेता सांडपाण्याच्या टाकीत उतरला आणि कोसळला. काठावर जान्या होता. त्यानं शिडीवर पाय ठेवला होता, असं पाहणारे सांगतात. तो पाय त्यानं मागं घेतला, भोंगा दाबला आणि काठावर उभा राहून ओरडत राहिला. श्वसनयंत्र लावलेले लोक धावत आले, त्यांनी फिटरला वर ओढलं. तो जगला. साहेबांनी बाईंना पुष्पगुच्छ पाठवला. पण कॅन्टीनमध्ये कुणीतरी हसत म्हणालंच, "जान्या तो खडा खडा देखता रहा." दुसऱ्या दिवसापासून जान्या कामावर येईना.

बाईंनी मला स्कूटर काढायला लावली. मनोर ओलांडून आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. जान्या अंगणात बसला होता. बाईंना पाहून उठला, पण मान वर करीना.

"तो खाली तडफडत होता, बाई. नं मी बगत होतो. त्याचं डोलं दिसत होतं मला."

मी घाईनं म्हणाले, "पण तो जगला ना!" बाईंनी हात करून मला थांबवलं. त्या त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"ते मी करायला लावलं तुला," त्या म्हणाल्या. "तू नाही केलंस. त्याचं ओझं माझं आहे, ते मला दे."

जान्या ढसाढसा रडला. त्याची बायको दारातून पाहत होती. तीही येऊन बसली. नंतर तिनं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. बाई पोटभर जेवल्या. बोंबील कुठून घेतलेस, आमच्याकडून का नेत नाहीस, असं तिच्याशी भांडल्याही.

परतताना हायवेच्या अलीकडे त्यांनी मला थांबायला सांगितलं. त्या उतरल्या, थोडं पुढं जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. म्हणाल्या, "अगं, बरोबर उत्तर देणाऱ्याचं पुढं काय होतं, ते आपण लिहिलंच नाही."

ते आम्ही लिहिलं. जान्या कामावर परतला होता. त्यानं आपल्याच आवाजात ते सांगितलं. बरोबर उत्तरानंतर आता धडा संपत नाही. वर उभा राहिलेला माणूस घरी बसून आहे, कामावर येत नाही, असा प्रसंग येतो आणि प्रश्न येतो: काय कराल? बाईंनी खाली एकच पर्याय लिहिला, 'त्याच्या घरी जाऊ.' सॉफ्टवेअर ते घेईना. मी म्हणाले, "बाई, निदान दोन पर्याय लागतात."

"मग दुसराही तोच लिही," बाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी बाई गुजरातेतल्या एका कारखान्यात गेल्या. तिथंही लोक शिकायचे राहिलेत, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. नवा माणूस कामावर लागला की अजून तोच धडा त्याला देतो. शेवटच्या प्रश्नाशी प्रत्येक जण अडतो, फोन घेऊन माझ्या टेबलापाशी येतो आणि म्हणतो, मॅडम, इथं काहीतरी चुकलंय, दोन्ही उत्तरं सारखीच आहेत, कुठलं दाबू?

मी म्हणते, कुठलंही दाब.