गिरणीतली तोंडी परीक्षा

आमच्या मोहने गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याला हळू बोलताच येत नाही. सोलर बसवायचा ऑनलाइन कोर्स आम्ही दोघांनी एकदमच सुरू केलेला. मी दुसऱ्याच धड्याला झोपलो. तो मात्र दळता दळता ऐकायचा आणि पत्र्यावरच्या पिठात बोटाने आकृत्या काढायचा.

काल शेवटची तोंडी परीक्षा. पठ्ठ्याने भर गर्दीत गिरणी बंद केली! मोबाईलवर परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मागे माणसं दिसली तर परीक्षा रद्द."

"एक मिनिट, मॅडम! ए, बसा रे खाली! काकू, तुम्हीपण!"

डबे सांभाळत आम्ही सातजण उकिडवे बसलो. तो गर्जत उत्तरं देत होता.

"पास!" मॅडम म्हणाल्या.

सगळे उड्या मारत उठले. माझे गुडघे काही उठेनात, म्हणून मी बसल्या बसल्याच त्याच्याहून मोठ्याने ओरडलो.