न ऐकलेल्या भाषणाचा वृत्तांत

राजनंदिनी काय काम करते असं येरमाळ्यात कुणी विचारलं, की तिची आई कडूबाई सांगते, "औषीद मारायचा पंप घेतला की खोक्यात कागद निघतो बगा, त्यो आमची पोरगी लिवती." "आन् वाचतंय कोण?" असं पुढं विचारलं, की कडूबाई विषय बदलते. घरच्या पंपाचा कागद तिनंच चुलीत घातला होता.

पुण्याच्या एका कंपनीसाठी राजनंदिनी घरी बसून या माहितीपुस्तिका लिहिते. हा धंदा तिला शिकवला वीरप्पा सरांनी. सर मूळचे उमरग्याचे, हयात गेली याच कंपनीत. त्यांचा नियम एकच: जी पायरी आपल्या हातानं केली नाही, ती लिहायची नाही. नव्या माणसाला ते आधी पंप पाठीवर घ्यायला लावत, पेन नंतर. कौतुकाच्या बाबतीत मात्र हात आखडता. मजकूर अगदीच निर्दोष असला तर खाली एक शब्द लिहीत, 'बरोबर'. राजनंदिनीला तो शब्द इतक्या वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. 'अजून जरा बघ' मात्र पोतंभर मिळालं होतं.

अशा लिहिणाऱ्यांची दरवर्षी पुण्यात परिषद भरते. राजनंदिनी जाते आणि तिथल्या भाषणांचा वृत्तांत मराठीत आपल्या ब्लॉगवर टाकते. सुरुवातीला ही नुसती हौस होती. मग नाव झालं आणि नावाची चटक लागली. वक्ता मंचावरून उतरून चहाचा कप उचलतो न उचलतो, तोवर हिचा वृत्तांत सगळ्यांच्या फोनवर हजर. लोकांनी टिपणं काढायचंच सोडून दिलं. राजनंदिनी लिहिणारच आहे म्हटल्यावर आपण कशाला हात दुखवायचा, असा सगळा मामला.

यंदा शेवटचं भाषण वीरप्पा सरांचं होतं. ते निवृत्त होत होते आणि यानंतर मंचावर येणार नाही असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. हे भाषण आपल्याच हातून नीट नोंदलं जावं, अशी राजनंदिनीची फार इच्छा होती. त्यासाठीच ती यंदा आली होती म्हणा ना.

पण परिषद रेंगाळली. आण्णासाहेब नावाचे पाहुणे माईक काही सोडेनात. येरमाळ्यावरून जाणारी लातूरची गाडी चुकली तर बार्शीला उतरून अंधारात दुसरी शोधत बसावं लागणार होतं. ती घड्याळाकडं बघत राहिली. मग तिच्या मनात आलं, सरांचं भाषण तर आपल्याला पाठ आहे. 'पहिली पायरी' हाच विषय, विनोदसुद्धा तेच, आणि कार्यक्रमपत्रिकेत सारांश छापलेलाच होता. कोपऱ्यात बसून तिनं वृत्तांत लिहून काढला. शेवटी 'सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात' असंही ठोकून दिलं. भाषण संपायच्या सुमाराला तो आपोआप ब्लॉगवर जाईल अशी सोय केली, सरांना लांबूनच नमस्कार केला आणि रिक्षा पकडली.

आपण लबाडी करतोय असं तिला वाटलंच नाही, हे सांगायला हवं. उलट सरांचं बोलणं आपल्याला एवढं तोंडपाठ आहे, याचं तिला गाडीत बसल्यावर कौतुकच वाटत होतं.

इंदापूर मागं पडलं आणि रुद्रेशचा फोन आला. हा तिचा कंपनीतला सहकारी.

"अगं, आहेस कुठं तू?"

"गाडीत. का रे?"

"सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, लिहून आणलेलं आज बोलणार नाही. आणि तुला हाक मारली. राजनंदिनी, पुढं येऊन बस, हे तुझ्यासमोर बोलायचंय म्हणून. दोनदा मारली."

"मग?"

"मग बोलले. उमरग्याच्या शेताबद्दल, वडिलांना फवारताना काय झालं त्याबद्दल. सगळे गप्प झाले होते. आणि त्या शांततेत लोकांचे फोन वाजायला लागले. तुझा वृत्तांत. टाळ्या थांबेनात म्हणे. इथं एकाचाही हात हलला नव्हता."

"काय बोलले ते नीट सांग मला."

"धड नाही सांगता येणार गं. तू लिहिणार म्हणून मी कागदसुद्धा काढला नव्हता."

"दुसऱ्या कुणी लिहून घेतलं असेल."

"विचारलं सगळ्यांना. सगळ्यांचं तेच."

येरमाळ्याला उतरली तेव्हा तिचा चेहरा बघून कडूबाई म्हणाली, "गाडी लागली व्हय गं?" राजनंदिनी हो म्हणाली. शरम कशी सांगायची, हे तिला सुचलं नाही.

सकाळी तिनं धीर करून सरांना फोन लावला. शिव्या खायच्या तयारीनंच लावला होता.

"वाचलं," सर म्हणाले. "सुबक लिहिलंयस. मी कागदावर आणलं होतं ते जवळपास असंच होतं."

"सर, काल तुम्ही खरं जे बोललात, ते मला सांगाल? मी आज लिहिते."

सर म्हणाले, "आता नाही जमायचं गं. ते तिथं, तेव्हा निघालं. परत नाही निघत." आणि आईची तब्येत विचारून त्यांनी फोन ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिनं ब्लॉग उघडला. वृत्तांतातली एक एक ओळ काढून टाकली. सारांश, विनोद, शेवटी त्या टाळ्याही. सरांचं नाव आणि भाषणाची तारीख तेवढी ठेवली. खाली एकच वाक्य लिहिलं: 'हे भाषण झालं तेव्हा मी लातूरच्या गाडीत होते, मी ते ऐकलेलं नाही.'

संध्याकाळी त्याखाली एक प्रतिक्रिया आली. वीरप्पा सरांची.

'बरोबर.'