पुणे ते नेवासे, ठिणगी उशिरा

पुण्याहून नेवाशाला जायचे दोन मार्ग आहेत. एक, कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार. ती वेळेवर सुटत नाही, चढावर उतारूंना उतरायला लावते आणि उतरलेले उतारू कोळशाच्या धुराने ओळखू येणार नाहीत असे होतात. दुसरा मार्ग म्हणजे माझी गाडी. ज्यांना पोचायचे आहे त्यांनी पहिल्या मार्गाने जावे, हे मी आरंभीच सांगून मोकळा होतो. ज्यांना प्रवास करायचा आहे त्यांनी पुढे वाचावे.

आमचे मेहुणे वसंतराव बी. ए. होऊन तीन वर्षे घरी बसले होते. लढाई संपली, कचेऱ्यांतली भरती थांबली, आणि अर्ज करणे हीच त्यांची नोकरी झाली. अशात नेवाशाच्या शाळेचे कार्ड आले: सोमवारी सकाळी अकराच्या आत हजर व्हावे, न झाल्यास जागा यादीतील दुसऱ्या उमेदवारास देण्यात येईल. सौभाग्यवतींनी सुचवले की शनिवारीच सर्व्हिस मोटारीने त्याला पाठवून द्यावे. मी म्हटले, दाराशी गाडी असताना माझा मेहुणा कोळशाच्या मोटारीने जाणार? या एका वाक्याची किंमत मी पुढचे दोन दिवस मोजत होतो.

गाडी विलायती, चार सिलिंडरची, वयाने माझ्या थोरल्या मुलीपेक्षा मोठी. दोन महिन्यांपूर्वी एका निवृत्त वकिलांकडून घेतली. तिच्या स्टिअरिंगच्या चाकावर एक छोटी दांडी आहे. एका टोकाला 'अर्ली' आणि दुसऱ्या टोकाला 'लेट' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली. इंजिनातली ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, ते या दांडीने ठरते. वकीलसाहेब स्वभाषेचे कडवे अभिमानी. त्यांनी गाडीबरोबर सुवाच्य मराठीत सूचनांचा कागद दिला होता. त्यात होते: 'चालू करताना ठिणगी मागे ठेवावी. वेग आल्यावर ठिणगी पुढे न्यावी.' मी वीस वर्षे लोकांच्या मराठीतल्या चुका काढून पोट भरतो. मला या वाक्यात काही अडचण दिसली नाही.

रविवारी सकाळी सहाला निघालो. कागदाप्रमाणे दांडी लावली आणि वसंतरावांनी हँडल मारले. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा हँडल उलटे फिरले आणि त्यांच्या मनगटावर बसले. त्यांनी रुमाल बांधला. "दाजी, गाडी जरा रागीट दिसते," एवढेच ते म्हणाले. नोकरी लागायची असलेला माणूस फार बोलत नाही.

रेशनच्या पेट्रोलची कुपने मी महिनाभर साठवली होती, म्हणून ती चिंता नव्हती. रस्ता शिरूरपर्यंत सपाट आणि बरा. ज्यांना चहाची सवय आहे त्यांनी शिरूरला घोडनदीच्या अलीकडे थांबावे. तिथल्या हॉटेलातली भजी गार असतात, पण चहा इतका गरम की दोघांचे मिळून भागते. आम्ही मात्र चहासाठी थांबलो नाही. रेडिएटरचे पाणी उकळले म्हणून थांबलो. सुप्याच्या माळावर पुन्हा थांबलो. जूनचा पहिला आठवडा होता. त्या बाजूला तोवर पाऊस फक्त पंचांगात असतो. पंचाहत्तर मैलांना आम्हाला दिवस लागला. नगरला पोचलो तेव्हा गाडीचा आवाज बदलला होता. फट्-फट्-फट् आणि मग एक गाळलेली जागा. परीक्षेच्या पेपरात असते तशी.

नगरला धर्मशाळेत जागा मिळते, आणि कापडबाजाराच्या मागे खाणावळीत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी मिळते. आमटी इतकी चांगली की मी तिच्यावर टीका करायचे सोडून दिले. वसंतराव मात्र भाकरी कुस्करत बसले होते. नेवासे इथून सदतीस-अडतीस मैल. मी म्हणालो, दोन तासांचा रस्ता. ते म्हणाले, "व्हय दाजी." पुण्याच्या माणसाने एका दिवसात 'व्हय' म्हणावे, यावरून त्यांच्या मनाची स्थिती ओळखावी.

सोमवारी साडेपाचलाच निघालो. जेऊर गेले आणि इमामपूरचा घाट लागला. घाट म्हणजे काही खंडाळा नव्हे. बैलगाड्या बोलत बोलत चढतात. आमची गाडी मध्यावर आली आणि फटफट जाऊन नुसतेच उसासे टाकू लागली. पायांखाली गरम लागले म्हणून पाहिले, तर लाकडी फळ्यांवर टाकलेल्या गोणपाटातून धूर निघत होता. गोणपाट ओढून फेकले आणि बॉनेट उघडले. इंजिनाला चिकटलेली धूर बाहेर नेणारी जाड नळी लालबुंद झाली होती. चुलीतल्या निखाऱ्यासारखी. तिच्या चार फाट्यांपैकी एक मात्र काळाच होता.

इतक्यात मागून ती सर्व्हिस मोटार आली. उतारू खाली उतरून ढकलत होते, तरी ती चालत होती. आमच्याजवळून जाताना एक म्हातारबाबा ढकलता ढकलताच म्हणाले, "पाव्हनं, आमच्यातला थोडा कोळसा देऊ का?" वसंतरावांनी त्या मोटारीकडे ज्या नजरेने पाहिले ती मी कधी विसरणार नाही. धावत जाऊन ते तिला धरू शकले असते. माझ्याकडे बघून थांबले. मी त्यांना जा म्हणायला हवे होते. म्हणालो नाही.

गाडी गार होऊ दिली, थोडे चाललो, पुन्हा गार होऊ दिली. असे करत घोडेगावच्या अलीकडे ती जी बसली ती जागची हलेना. तेव्हा आठ वाजले होते आणि अठरा-वीस मैल राहिले होते. एक शेतकरी बैल घेऊन मोटेकडे चालला होता. नाव गणपतराव. त्याने काही न विचारता बैलांच्या दोराने गाडी ओढून गावात एका पत्र्याच्या छपरापाशी आणली. म्हणाला, "इब्राहिम मिस्त्रीला दावा. त्यो आवाजावरनं सांगतो."

इब्राहिम मिस्त्री पन्नाशीचे, अंगात बंडी, दाढीत थोडे ग्रीस. लढाईत नगरला लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत होते, आता विहिरींवरची ऑईल इंजिने दुरुस्त करतात. समोर कुणाचे तरी इंजिन उघडून ठेवले होते. मी त्यांना आजार सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला आणि गार झालेली गाडी जागच्या जागी चालू करायला सांगितली. दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहिले. मी दिल्लीचे गवई ऐकणारे श्रोते पाहिले आहेत. इतके लक्ष देऊन कोणी ऐकत नव्हते.

"एक सिलिंडर मिस मारतोय," ते म्हणाले. मग तांब्याभर पाणी मागवले. ओंजळीत नाही, बोटांवर घेतले आणि नळीच्या पहिल्या फाट्यावर, अगदी इंजिनाला लागून, शिंपडले. चर्र. दुसऱ्यावर चर्र. तिसऱ्यावर थेंब पडले आणि ओघळून खाली गेले. चौथ्यावर चर्र. "तिसरा जळतच न्हाई. त्याचं पेट्रोल कच्चंच नळीत जातंय आन तितं पेटतंय."

तिसरा प्लग काढला तर आतली चिनी माती तडकलेली. मिस्त्रींनी चिंध्यांत गुंडाळलेला एक लष्करी प्लग काढला. त्याच्या दोन टोकांतले अंतर नेमके हवे, म्हणून त्यांनी पोस्टकार्ड मागितले. कार्डाच्या जाडीइतकी फट ठेवायची ही त्यांची पद्धत. आमच्याजवळ एकच कार्ड होते. वसंतरावांनी खिशातून ते काढले, क्षणभर धरून ठेवले, आणि दिले. मिस्त्रींनी ते फटीतून अलगद ओढून घेतले. 'अकराच्या आत' या शब्दांवर काळा डाग उमटला.

गाडी चालू झाली. फटफट एकसारखी, गाळलेली जागा नाही. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. मिस्त्री मात्र नळीकडे बघत होते. पाच मिनिटांत ती पुन्हा तांबूस व्हायला लागली. साडेनऊ झाले होते.

मिस्त्रींनी वसंतरावांच्या मनगटाकडे पाहिले. रुमालाखाली ते सुजले होते. विचारले, हँडल उलटे बसले का? वसंतराव हो म्हणाले. मग मिस्त्री माझ्याकडे वळले.

"साहेब, ठिणगी लवकर ठेवता का उशिरा?"

मी म्हटले, कागदात आहे तशीच. चालू करताना मागे, वेगात पुढे.

"पुढं म्हंजी?"

इथे मी त्या गृहस्थांना व्याकरण शिकवले. सांगितले की काळाच्या संदर्भात पुढे म्हणजे नंतर. लग्न पुढे ढकलले म्हणजे उशिरा झाले. सभा पुढे गेली म्हणजे उशिरा भरणार. आणि मागे म्हणजे पूर्वी, मागे एकदा मी काशीला गेलो होतो तसे. तेव्हा ठिणगी पुढे म्हणजे 'लेट', मागे म्हणजे 'अर्ली'. दोन महिने मी दांडी तशीच फिरवत होतो. गणपतराव बैलांच्या मानेवर हात ठेवून ऐकत होता. मला वाटले, शंका मिटली.

मिस्त्रींनी बंडीला हात पुसले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "लगीन पुढं गेलं तर मागनं हुतं, ते बराबर हाय. पन मानूस पुढं गेला तर आदी पोचतो. वकिलांनी ह्यो दुसरा पुढं लिवलाय, साहेब."

गणपतराव एका बैलाच्या आड तोंड करून हसला. वसंतराव हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

मग मिस्त्रींनी दोन वाक्यांत समजावले. पिस्टन वर यायच्या जरा आधी ठिणगी पडली तर जाळ इंजिनात संपतो. उशिरा पडली तर अर्धा जाळ तसाच नळीत जातो, आणि नळी लाल होते. हँडल मारताना मात्र उलटे, तेव्हा उशिरा हवी, नाहीतर ते हात मोडते. म्हणजे मी एका शब्दाच्या जोरावर मेहुण्याचा हातही मोडायला निघालो होतो आणि नोकरीही. दोन्ही शुद्ध मराठीत.

मी दांडीला हात लावला तर मिस्त्रींनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, मी बरोबर येतो. मी समोरच्या उघड्या इंजिनाकडे बोट केले. त्यांनी गणपतरावाला विचारले, "तुज्या इंजिनाला संध्याकाळ झाली तर चालंल का?" तेव्हा कळले की ते इंजिन गणपतरावाचे होते. मोटेने पाणी ओढायची पाळी त्याच्यावर त्यामुळेच आली होती. तो म्हणाला, "जावा. न्हाईतर मास्तरची नोकरी जाईल."

ते अठरा-वीस मैल म्हणजे मी आयुष्यात पाहिलेली सर्वांत उत्तम मोटारचालकी. चाक माझ्या हातात होते, पण गाडी मिस्त्री चालवत होते. माझ्या शेजारी बसून, दोन बोटांनी दांडी हलवत. सपाटीवर लवकर, चढ आला की केसभर उशिरा, आवाज जड झाला की पुन्हा केसभर. नळी काळीच राहिली. पाणी उकळले नाही. वडाळा केव्हा गेले कळले नाही. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुलिंब आहेत, प्रवाशांनी जरूर पाहावेत. मी पाहिले नाहीत, मी दांडी पाहत होतो.

अकराला दहा मिनिटे असताना शाळेसमोर उभे राहिलो. हेडमास्तरांनी कार्डावरचा डाग पाहिला, वसंतरावांचे मनगट पाहिले, आणि हजेरीपट पुढे सरकवला. सही वाकडी आली. चालली.

शाळेच्या ओट्यावर एक तरुण गृहस्थ ट्रंक आणि वळकटी घेऊन बसले होते. ते यादीतले दुसरे उमेदवार, कर्जतचे काळे मास्तर. वसंतराव वेळेवर न आल्यास म्हणून शाळेने त्यांनाही बोलावून ठेवले होते. ते आदल्या दिवशीच आले होते, कोळशाच्या मोटारीने. वसंतरावांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनी उलट नमस्कार करून अभिनंदन केले. चेहरा सरळ ठेवायला त्यांना कष्ट पडत होते.

परतीला त्यांना मी नगरपर्यंत सोडतो म्हटले. मिस्त्रींना घोडेगावला उतरवले. त्यांनी प्लगचे पैसे घेतले, येण्याचे घेतले नाहीत, आणि वकिलांच्या कागदावर पेन्सिलीने 'मागे'च्या जागी 'उशिरा' आणि 'पुढे'च्या जागी 'लवकर' करून घेतले. दोन्ही शब्द मीच लिहिले, त्यांनी नुसते बोट दाखवले. मग बंडी खोचून गणपतरावाच्या इंजिनाकडे वळले. मला राजे-महाराजांनी निरोप दिला आहे. पण तेव्हा इतके लहान वाटले नव्हते.

नगरला काळे मास्तर उतरले. स्टँडवर ट्रंक उतरवून घेताना म्हणाले, "तुमच्या गाडीचा आवाज छान आहे. ओट्यावर बसून मी लांबून ऐकत होतो. एकसारखा येत होता. ऐकला आणि वळकटी बांधायला घेतली."

मी त्यांचा पत्ता घेतला.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा पेढे आधीच वाटून झाले होते. वसंतरावांची तार माझ्यापेक्षा लवकर आली होती. गाडी आता उत्तम चालते, वाटेत एकदाही उकळली नाही. ज्यांना या बाजूला जायचे आहे त्यांनी घोडेगावला पत्र्याचे छप्पर विचारावे आणि मिस्त्रींसमोर कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगू नये. आणि वाचकांपैकी कुणाच्या शाळेत जागा असेल तर या मासिकाच्या पत्त्यावर मला कळवावे. काळे मास्तर बी. ए. आहेत, गणित शिकवतात, आणि एक दिवस आधी हजर होतात.