समाजभवनाचं पातेलं

"जाळ टाक त्यात," भवनाचे अध्यक्ष माह्या बापाले म्हने. "तुमचे हात लागले, आता तूच टाक. आमी कसे शिवू?"

समाजभवनाच्या मागच्या आवारात पितळी पातेलं मांडलं होतं. लखलखीत. म्या अन् माह्या आईनं चिंच-राख लावून घासलेलं. तरी बाटलेलं! बाटलेलं भांडं इस्तवातून काढलं की शुद्ध होते म्हने. बाप कापसाच्या पऱ्हाट्यायची मोळी घेऊन उभा. अंगात लग्नाचा नवा सदरा. तिकडे माही लहान बहीन शांता सासरी निघाली होती. गाड्या जुपल्या होत्या. अमडापूरचं सारं वऱ्हाड हे पाहून राह्यलं होतं. शांताची सासू सुद्धा.

थू!

हे भवन बांधलं कोनी? नवा महाराष्ट्र झाला, गावात श्रमदान निघालं. "साऱ्यायचं भवन," हेच अध्यक्ष तवा सांगत फिरत. गावकुसाबाहेरची आमची वस्ती, पन गोटे वाहाले आमीच पुढं. माह्या आईचं टकुरं सोललं. तवा गोट्याले इटाळ नाई झाला. भिताडाले नाई झाला. आमी भवनात लग्न लावलं, अन् पितळ बाटलं.

बाप हळूच म्हने, "गप राह्य बाई. भवन तं भेटलं. शांताले सुखानं जाऊ दे."

सुखानं! जिच्या लग्नाचा भात त्यात शिजला, त्या पोरीनं गाडीतून पाहावं, की बाप त्याच भांड्यात जाळ टाकून राह्यला? मले किळस आली. अध्यक्षाची आली. बापाच्या वाकल्या मानेचीही आली, खोटं काऊन बोलू?

म्या मोळी हिसकली अन् नालीत फेकली.

"अध्यक्षसाहेब, यात भात शिजला. दुसरं काई नाई. जाळाचं असन तं सोताच्या हातानं जाळा."

"लय तोंड सुटलं वं तुले! आता तुमच्या वस्तीले भवन नाई भेटत. कधीच नाई."

"पाहू."

बापानं कपाळावर हात मारला. गाड्या हालल्या. शांता रडत गेली, माह्यासंग बोललीही नाई.

आता आमच्यात पुढलं लग्न काकाच्या पोरीचं आहे. काका म्हनते, मांडव वस्तीतच टाकू, कायले झगडा घेता? नाई. लग्न त्याच भवनात लागन. कुलूप लावलं तं दारापुढं चुली मांडू, पायऱ्यायवर अक्षता टाकू. पातेलंही तेच मागू. मंग जाळा म्हना त्यायले. दर लग्नाले जाळा, बूड गळून पडेपर्यंत जाळा. माह्या बापाचा हात त्या जाळाले लागनार नाई.